चरबीतल्या स्टेम सेल जखमेत जाऊन नक्की करतात काय?

चरबीतून स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी, काढायच्या, जखमेत सोडायच्या, मग त्यांचीच नवी कातडी होते आणि जखम बुजते, असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही आधी तसंच वाटायचं. बी पेरलं की रोप उगवतं तसं, ऐकायला सोपं आणि पटकन पटणारं. पण तसं होत नाही. सोडलेल्या पेशींपैकी बहुतेक काही आठवड्यांत मरून जातात, जी कातडी येते ती मुख्यतः पेशंटच्या तिथल्या मूळच्या पेशींचीच असते, आणि तरीही प्राण्यांवरच्या प्रयोगांत आणि काही पेशंटमध्ये जखम लवकर भरलेली दिसते. म्हणजे मरायच्या आधी त्या पेशी काहीतरी करून जातात. ते काहीतरी म्हणजे काय हे कळलं ना, की या विषयातल्या निम्म्या जाहिराती आपोआप ओळखू येतात.

आधी चरबीबद्दल. आपल्या डोक्यात चरबी म्हणजे नुसता साठा, तेलाचे पिंप रचून ठेवल्यासारखा. चरबीचा तुकडा घेतला तर त्याच्या आकारमानाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग खरंच तेलाने टम्म भरलेल्या मोठ्या पेशींचा असतो, पण पेशी मोजायला बसलात तर त्या टम्म पेशी निम्म्याहूनही कमी निघतात! बाकीची गर्दी बारीक पेशींची. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या, त्या वाहिन्यांना बाहेरून बिलगून बसलेल्या, कोलॅजेन हे धाग्यासारखं प्रोटीन विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट, साफसफाई करणाऱ्या मॅक्रोफेज, आणि यांच्यातच लपलेल्या थोड्या स्टेम सेल. मोठी झालेली चरबीची पेशी स्वतः विभागत नाही, ती फुगते, आकसते आणि कधीतरी मरते. २००८ साली आलेल्या एका संशोधनात दिसलं की मोठ्या माणसाच्या शरीरात दरवर्षी साधारण १० टक्के चरबीपेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. हे मोजलं कसं तर गेल्या शतकात उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता, तो अन्नातून सगळ्यांच्या पेशींच्या डीएनएत जाऊन बसला, आणि त्याच्या प्रमाणावरून पेशी कधी जन्मली ते काढता येतं. (विषयांतर आहे, माहितीये, पण मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.) मुद्दा असा की दरवर्षी एवढ्या नव्या पेशी येतात त्या कुठूनतरी यायलाच हव्यात, आणि हा पुरवठा चरबीतच बसलेल्या मूळ पेशी करतात.

या मूळ पेशी चरबीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आसपास राहतात. ही जागा लक्षात ठेवा. रक्तवाहिनीजवळ राहणाऱ्या पेशीला कुठे कापलं, कुठे ऑक्सिजन कमी पडला, कुठे सूज आली याची खबर लगेच लागते.

आता यांचा शोध कसा लागला ते बघा. मार्टिन रॉडबेल नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ, त्यांना चरबीच्या पेशींवर हार्मोन कसं काम करतं ते बघायचं होतं, त्यासाठी सुट्या पेशी हव्या होत्या. १९६४ मध्ये त्यांनी उंदराची चरबी घेतली, कोलॅजेनेज नावाचं एन्झाइम घालून पेशींना धरून ठेवणारं जाळं विरघळवलं आणि ते मिश्रण गरगर फिरवलं. तेलाने भरलेल्या पेशी हलक्या, त्या वर तरंगल्या, त्या त्यांनी वापरल्या. तळाला जो बारीक गाळ बसला त्याच्याशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. पुढे याच तरंगणाऱ्या पेशींवरच्या कामातून त्यांचं संशोधन जी-प्रोटीनपर्यंत, म्हणजे बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या प्रोटीनपर्यंत गेलं आणि १९९४ चं नोबेल त्यात त्यांना विभागून मिळालं. पण आज सगळं जग ज्याच्या मागे आहे तो तळाचा गाळ!

त्या गाळाकडे स्टेम सेलच्या नजरेने नीट बघायला २००१ उजाडलं. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पॅट्रिशिया झुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायपोसक्शनमधून निघालेली माणसाची चरबी घेतली, जी एरवी ऑपरेशननंतर टाकूनच दिली जाते, तिच्यातल्या गाळातल्या पेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवल्या आणि वेगवेगळी रसायनं देऊन दाखवून दिलं की याच पेशी चरबी, हाड, कूर्चा, स्नायू अशा वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. अशा पेशी तोवर मुख्यतः अस्थिमज्जेतून, म्हणजे बोन मॅरोमधून काढत. तिथे अडचण अशी की हाडात जाड सुई घालावी लागते, ते दुखतं, आणि एवढं करून मॅरोमधल्या पेशींमध्ये या कामाच्या पेशी ०.००१ ते ०.०१ टक्के, म्हणजे लाखात एखादी, फार तर दहा. चरबीत मात्र एका ग्रॅममागे साधारण ५,००० मिळतात असा एक नेहमी दिला जाणारा अंदाज आहे. माणसागणिक आकडा बदलतो, शरीराच्या कुठल्या भागातली चरबी आहे त्यावरही बदलतो, तरी मॅरोच्या मानाने हे घबाडच.

काढतात कसं ते थोडक्यात. सलाइनमध्ये भूल देणारं लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अॅड्रेनलिन मिसळून ते चरबीत सोडतात, मग बारीक नळीने चरबी ओढून घेतात. ती धुतात, म्हणजे रक्त आणि सोडलेलं पाणी निघून जातं. मग तेच कोलॅजेनेज घालून ३७ डिग्रीला अर्धा ते एक तास हलवत ठेवतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, वर तेल आणि तेलकट पेशी, मध्ये पाणी, तळाला गाळ. रॉडबेल यांनी केलं तेच, फक्त आता वरचं फेकतात आणि खालचं ठेवतात.

इथून पुढे नावांचा घोळ सुरू होतो आणि माझ्या मते लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून जरा थांबून सांगतो. तळाचा जो गाळ आहे त्याला म्हणतात एसव्हीएफ, तो शुद्ध स्टेम सेलचा नसतो, त्यात वर सांगितली ती सगळी बारीक पेशींची गर्दी असते आणि खऱ्या स्टेम सेल त्यातला थोडा हिस्सा. हाच गाळ लॅबमध्ये प्लास्टिकवर ठेवून काही आठवडे वाढवला की बाकीच्या पेशी गळून जातात, चिकटून वाढणाऱ्या उरतात, त्यांना म्हणायचं एएससी, म्हणजे चरबीतल्या वाढवलेल्या स्टेम सेल. तिसरा प्रकार म्हणजे एन्झाइम वगैरे काही न वापरता चरबीच उचलून दुसरीकडे घालणं, हे तर फार जुनं आहे, १८९३ मध्ये गुस्ताव नॉयबर या जर्मन सर्जनने हाताची चरबी घेऊन चेहऱ्यावरचा खोल व्रण भरून काढला होता, तेव्हा स्टेम सेल हा शब्द या संदर्भात कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. त्यातलाच नवा अवतार नॅनोफॅट, २०१३ मध्ये बेल्जियमच्या सर्जननी मांडलेला, त्यात चरबी दोन सिरिंजमधून इकडून तिकडे इतकी ढकलतात की तेलाच्या मोठ्या पेशी फुटून जातात आणि बारीक पेशी टिकतात, मग ते पातळ द्रव अगदी बारीक सुईने टोचता येतं. आणि आता शेवटचा, एक्सोसोम, यात पेशीच नसतात, त्यांनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात, ३० ते १५० नॅनोमीटरच्या. या सगळ्यांना बाहेर सरसकट स्टेम सेल थेरपी म्हणून विकतात. एकाचा रिझल्ट दाखवायचा आणि दुसरंच टोचायचं, हे सहज होऊ शकतं, आणि पेशंटला फरक कळायचं काही कारणच नाही.

आता जखमेकडे येऊ. साधी जखम भरते कशी हे माहीत नसेल तर पुढचं सगळं हवेत राहील.

कापलं की पहिल्यांदा रक्त थांबतं, प्लेटलेट गोळा होतात, गुठळी होते, आणि नुसतं बूच बसत नाही तर प्लेटलेट जाता जाता मदतीला हाका मारणारी रसायनं सोडतात. त्या हाकांवर पांढऱ्या पेशी येतात, आधी न्यूट्रोफिल, ते जंतू मारतात आणि स्वतःही मरतात, मग मॅक्रोफेज. जखमेच्या कडा लाल, गरम, ठणकणाऱ्या असतात तो हा काळ. मग मॅक्रोफेज हळूहळू स्वभाव बदलतात, तोडफोड करणाऱ्या होत्या त्या डागडुजी करणाऱ्या होतात, त्यांच्या सांगण्यावरून नव्या केशवाहिन्या फुटतात, फायब्रोब्लास्ट कोलॅजेन विणायला लागतात, जखमेच्या तळाला ते लालबुंद दाणेदार मांस दिसायला लागतं, ड्रेसिंग करणाऱ्यांना ते दिसलं की बरं वाटतं कारण त्याचा अर्थ गाडी पुढे सरकली. त्यावरून कडेच्या कातडीच्या पेशी सरपटत येतात आणि झाकण बसतं. मग कित्येक महिने आतल्या कोलॅजेनची फेरमांडणी चालते. आणि हे सगळं नीट झालं तरी व्रण मूळ कातडीइतका मजबूत कधीच होत नाही, जास्तीत जास्त ८० टक्क्यांच्या आसपास.

ज्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत, डायबेटिसच्या पायाच्या, पायातल्या शिरा बिघडल्यामुळे झालेल्या, एकाच कुशीवर पडून राहून झालेल्या, किंवा रेडिएशन दिलेल्या जागेवरच्या, त्यांचं काय होतं? त्या बहुतेक करून दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या लाल, ठणकणाऱ्या काळात अडकतात. मॅक्रोफेजचा स्वभाव बदलतच नाही, तोडफोड चालूच राहते, जुनं मोडायला आणलेली एन्झाइम नवीन विणलेलंही खाऊन टाकतात, जंतू चिकट थर करून त्याखाली ठाण मांडतात, रक्तपुरवठा अपुरा म्हणून ऑक्सिजन नाही. जखम चिघळत राहते. बांधकामाच्या जागी पाडापाडी करणारी टोळी घरी जायलाच तयार नाही आणि गवंडी बाहेर ताटकळत उभे, अशी अवस्था.

चरबीतल्या स्टेम सेल या जागी मुकादम म्हणून येतात. स्वतः वीट उचलत नाहीत, किंवा उचलली तरी नगण्य, पण कोणी थांबायचं आणि कोणी कामाला लागायचं हे सांगतात. सांगतात म्हणजे प्रोटीन आणि इतर रसायनं सोडतात. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून व्हीईजीएफ आणि एचजीएफ नावाची प्रोटीन, फायब्रोब्लास्टला आणि कातडीच्या पेशींना चालना देणारी दुसरी काही, आणि मॅक्रोफेजसाठी प्रोस्टाग्लँडिन ई-२, ज्यामुळे त्या तोडफोडीचा नाद सोडून सूज शमवणाऱ्या बाजूला झुकतात.

यातलं मला सगळ्यात आवडलेलं काम २००४ चं आहे. चरबीतल्या या पेशी लॅबमध्ये कमी ऑक्सिजनमध्ये ठेवल्या तर त्या व्हीईजीएफ जवळजवळ पाचपट सोडायला लागल्या. विचार करा, न भरणाऱ्या जखमेत नेमका ऑक्सिजनच कमी असतो, तिथे बाकीच्या पेशी हातपाय गाळून बसतात आणि या मात्र त्याच टंचाईत जोरात हाका मारायला लागतात की इकडे रक्तवाहिनी आणा. रक्तवाहिनीशेजारी घर असल्याचा हा परिणाम म्हणा हवं तर.

पेशींपेक्षा त्यांचे निरोप महत्त्वाचे, याला आणखी एक पुरावा आहे आणि तो अगदी साधा. ज्या द्रवात या पेशी वाढवल्या तो द्रव गाळून घ्यायचा, पेशी सगळ्या काढून टाकायच्या, आणि नुसता तो द्रव प्राण्याच्या जखमेवर वापरायचा. तरी बराचसा परिणाम दिसतो. हे अनेकांनी करून पाहिलंय. अर्नोल्ड कॅपलान, ज्यांनी १९९१ मध्ये अशा पेशींसाठी मेसेन्कायमल स्टेम सेल हे नाव रूढ केलं, त्यांनीच २०१७ मध्ये लिहिलं की बाबांनो हे नाव बदला, या पेशी शरीरात गेल्यावर स्टेम सेलसारखं वागत नाहीत, यांना औषधी निरोप देणाऱ्या पेशी म्हणा. आपण स्वतः रुळवलेलं नाव स्वतःच चुकीचं म्हणायला हिंमत लागते. नाव अर्थातच बदललं नाही, स्टेम सेल हा शब्द विकला जातो ना.

बरं, माणसांत काय दिसलं? इथे मी जरा सावकाश जातो कारण बातम्यांमध्ये इथेच सगळ्यात जास्त घाई असते.

२००७ मध्ये इटलीतल्या वेरोनाच्या जिनो रिगोटी यांच्या टीमने २० पेशंटचा अभ्यास छापला. कॅन्सरसाठी रेडिएशन घेतल्यावर ज्यांच्या छातीची कातडी गंभीररीत्या खराब झाली होती, अशा बायकांच्या त्या जागी धुतलेली चरबी थोडी थोडी टोचली. रेडिएशनने बारीक रक्तवाहिन्या मरून गेलेल्या असतात, त्यामुळे तिथली कातडी लाकडासारखी होते आणि जखम झाली तर भरत नाही. चरबी टोचल्यावर त्या भागात नव्या केशवाहिन्या दिसल्या, कातडी मऊ झाली, बहुतेकींना फरक पडला. या अभ्यासाने बरीच हवा केली आणि प्लास्टिक सर्जनची चरबीकडे बघायची नजरच बदलली, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे विसरायचं नाही.

मग डायबेटिसच्या पायाच्या जखमा. २०१९ मध्ये दक्षिण कोरियातला एक अभ्यास आला, त्यात दुसऱ्या निरोगी माणसाच्या चरबीतल्या स्टेम सेल हायड्रोजेलच्या पातळ चादरीवर वाढवून ती चादर जखमेवर लावली, आणि दुसऱ्या गटाला साधी पॉलियुरेथेनची फिल्म. १२ आठवड्यांनी पेशींच्या गटात ८२ टक्के जखमा पूर्ण भरल्या, दुसऱ्या गटात ५३ टक्के. चांगलाच फरक आहे. पण अभ्यास लहान, आणि मला त्यातला ५३ चा आकडाही तितकाच बोलका वाटतो. निम्म्याहून जास्त लोकांच्या जखमा पेशींशिवायच भरल्या.

दुसऱ्याच्या पेशी का, स्वतःच्या का नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. एक कारण सोय, एका डोनरच्या पेशी वाढवून साठवून ठेवता येतात आणि लागतील तेव्हा वापरता येतात. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे, की ज्याला वर्षानुवर्षं डायबेटिस आहे त्याच्या चरबीतल्या स्टेम सेलही त्याच साखरेत भिजत राहिलेल्या असतात, त्या कमी वाढतात आणि त्यांचे निरोपही क्षीण असतात, म्हणजे ज्याला गरज सगळ्यात जास्त त्याचाच माल कमजोर. वयाचंही तसंच. दुसऱ्याच्या पेशी शरीर लगेच झटकून टाकत नाही कारण या पेशी आपल्या पृष्ठभागावर परकेपणाच्या खुणा कमी दाखवतात आणि आजूबाजूच्या प्रतिकारशक्तीला थंडही करतात. कायमच्या मात्र त्याही लपत नाहीत, पुढे काही पेशंटमध्ये त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या सापडल्या आहेत.

आणि आता ती गोष्ट, जी मला वाटतं या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाने आधी वाचावी. क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार असतो, त्यात काही जणांना गुदद्वाराजवळ भगेंद्र होतो, म्हणजे आतड्यापासून बाहेरच्या कातडीपर्यंत एक बोगदा पडतो, पू वाहत राहतो, ऑपरेशन केलं तरी परत उघडतो. न भरणारी जखमच ती, फक्त नळीच्या आकाराची. यासाठी डोनरच्या चरबीतल्या स्टेम सेलचं एक औषध तयार झालं, डार्व्हॅडस्ट्रोसेल, बाजारातलं नाव अॅलोफिसेल. एका वेळी १२ कोटी पेशी, निम्म्या आतल्या तोंडाभोवती आणि निम्म्या बोगद्याच्या भिंतींत टोचायच्या. २१२ पेशंटची ट्रायल झाली, अर्ध्यांना पेशी आणि अर्ध्यांना नुसतं सलाइन, बोगदा खरवडून साफ करणं आणि आतलं तोंड शिवणं दोन्हीकडे सारखंच. २४ आठवड्यांनी पेशींच्या गटात ५० टक्के बरे, सलाइनच्या गटात ३४ टक्के. २०१८ च्या मार्चमध्ये युरोपात मान्यता मिळाली. चरबीतल्या स्टेम सेलचं रीतसर मान्यता मिळालेलं औषध, सगळीकडे जल्लोष.

मग दुसरी, मोठी ट्रायल झाली, ५६८ पेशंटची. २०२३ मध्ये निकाल आला. पेशींच्या गटात ४८.८ टक्के, सलाइनच्या गटात ४६.३ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने औषध युरोपच्या बाजारातून काढून घेतलं.

हे आकडे पुन्हा एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. पेशींचा गट दोन्ही वेळा तिथेच आहे, पन्नाशीच्या आसपास. बदलला तो सलाइनचा गट, ३४ वरून ४६ वर गेला. पेशी दुसऱ्या वेळी बिघडल्या असं दिसत नाही, पण नीट खरवडून, साफ करून, आतलं तोंड शिवून, लक्ष ठेवून केलेल्या उपचाराने एवढ्या लोकांना आराम पडत असेल तर पेशींची वेगळी भर दिसण्याइतकी उरत नाही. म्हणूनच तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासात शंभरातले पन्नास बरे झाले असं कोणी सांगितलं तर माझा पहिला प्रश्न असतो, पेशी न देता किती झाले असते? जखमेच्या बाबतीत तर हा प्रश्न सोडूच नये, कारण जखम ही मुळात आपली आपण भरणारी गोष्ट आहे आणि अभ्यासात घेतलं की पेशंटचं ड्रेसिंग वेळेवर होतं, कोणीतरी दर आठवड्याला पाय बघतं, यानेच बरंच काही होतं.

उंदरांच्या बातम्यांबद्दल एक छोटी सावधगिरी. उंदराच्या कातडीखाली पातळ स्नायूचा थर असतो, जखम झाली की तो आकसतो आणि कडा ओढल्या जाऊन जखम मिटते. माणसाची कातडी अशी मिटत नाही, तळापासून मांस भरून यावं लागतं. त्यामुळे शहाणे संशोधक उंदराच्या जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवून टाकतात, म्हणजे ती ओढून मिटू शकत नाही. पुढच्या वेळी उंदरांच्या जखमा दुप्पट वेगाने भरल्या असं वाचलंत तर कडी लावली होती का ते शोधा.

धोक्यांचं बोलायचं तर सगळ्यात भयानक उदाहरण जखमेचं नाही, डोळ्यांचं आहे. २०१७ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या तीन वयस्कर बायकांच्या केस छापून आल्या, त्यांच्या पोटाच्या चरबीतून गाळ काढून तो एका क्लिनिकमध्ये दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचला होता, आणि तिघींची नजर गेली किंवा जाण्याच्या बेतात आली. तुमच्याच शरीरातल्या पेशी आहेत म्हणजे धोका नाही, हे वाक्य जाहिरातीत हमखास असतं, आणि त्याला यापेक्षा वेगळं उत्तर लागत नाही. चरबीत ज्या पेशी गुण्यागोविंदाने राहतात त्या डोळ्याच्या आत गेल्यावर तिथेही तशाच वागतील असं कोण म्हणालं. एन्झाइमने वेगळा केलेला हा गाळ म्हणजे औषधच, त्याला औषधाचे नियम लागणार, असं एफडीएचं, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेचं म्हणणं आहे. क्लिनिकवाले म्हणत होते की ही नुसती सर्जरी आहे. कोर्टकचेरी बरीच वर्षं चालली, २०२१ आणि २०२४ मध्ये दोन वेगवेगळ्या अपील कोर्टांनी एफडीएच्या बाजूने निकाल दिला.

जखमेवर वापरताना धोके इतके टोकाचे नाहीत, तरी आहेत. जंतूसंसर्ग झालेल्या जखमेत पेशी सोडल्या तर त्या नीट टिकतीलच असं नाही. कॅन्सर जिथे आहे किंवा नुकता होता तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारी कुठलीही गोष्ट दोनदा विचार करून वापरावी लागते, कारण गाठीलाही रक्तवाहिन्याच हव्या असतात, म्हणून ट्रायलमध्ये सहसा अशा पेशंटना घेतच नाहीत. शिरेतून सलाइनसारख्या पेशी चढवल्या तर त्यांच्यातल्या बऱ्याचशा आधी फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात, पायाच्या जखमेपर्यंत किती पोहोचतील ते तुम्हीच बघा. पायाची जखम भरायला शिरेतून स्टेम सेल, असं कोणी सांगत असेल तर तिथून उठायला हरकत नाही.

एक्सोसोमची सध्या चलती आहे, आणि कल्पना म्हणून ती मला पटते, निरोपच महत्त्वाचे असतील तर निरोप्याला कशाला न्यायचं, निरोपांच्या पिशव्याच न्या. पेशी जिवंत ठेवायची कटकट नाही, गोठवून ठेवता येतात. पण पिशवीत काय भरलंय ते पेशी कशा वाढवल्या, कोणाच्या होत्या, किती ऑक्सिजनमध्ये होत्या यावर अवलंबून असतं, दोन लॅबच्या एक्सोसोममध्ये एकच माल असेलच असं नाही. २०१९ मध्ये एफडीएने एक्सोसोमबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला, कारण ते टोचल्यावर काही पेशंटना गंभीर त्रास झाला होता.

तर घरात कोणाची जखम भरत नसेल आणि कोणी चरबीतल्या स्टेम सेल सुचवत असेल तर काय विचारायचं? गाळ देणार, वाढवलेल्या पेशी देणार, नुसती चरबी देणार की एक्सोसोम, हे नावानिशी विचारा. स्वतःच्या की डोनरच्या ते विचारा. ही नोंदणी केलेली ट्रायल आहे का ते विचारा, आणि ट्रायल म्हणून पैसे मागत असतील तर कान टवकारा. पण या सगळ्याच्या आधी दुसरे प्रश्न आहेत जे लोक विचारतच नाहीत. पायात रक्त पोहोचतंय का, डॉप्लरने, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या तपासणीने बघितलंय का? धमनी बुजलेली असेल तर ती उघडणं आधी, कारण पेशींनी कितीही हाका मारल्या तरी मुख्य पाइपच बंद असेल तर केशवाहिन्यांत रक्त येणार कुठून. मेलेलं मांस कापून काढलंय का? हाडापर्यंत जंतू गेलेत का? साखर कितीवर आहे? आणि पायाच्या जखमेसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या जागेवरचा भार काढलाय का, विशेष कास्ट किंवा बूट दिलाय का, कारण माणूस दिवसभर त्याच जखमेवर पाय टाकून चालत असेल तर रात्री विणलेलं सकाळी उसवतं, आणि १२ कोटी पेशी टोचल्या तरी त्यांना त्या पायावर उभं राहू नका असं सांगता येत नाही, ते ऑर्थोपेडिकवाल्याला किंवा घरच्यांनाच सांगावं लागतं.